कवळीची साक्ष

शेवटच्या साध्या दिवशी बाबा माझ्या सोयाबीनमध्ये उभे राहून दाणे चावत होते.

माझं म्हणजे वाटणीने माझं. रानाचे दोन तुकडे. एकात मका, दुसऱ्यात सोयाबीन, आणि दर वर्षी अदलाबदल. मका बाबांचा, सोयाबीन माझं. पिकं जागा बदलायची, भांडण मात्र जागचं हलायचं नाही. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींमुळे पुढच्या वर्षी त्याच जागी मक्याला युरिया कमी लागतो. त्यामुळे मका चांगला आला की मी म्हणायचे, "तुमचा मका माझ्या सोयाबीनच्या उष्ट्यावर वाढलाय." बाबा म्हणायचे, "उष्टं खाऊन एवढा उंच झाला. तुझं स्वतःच्या हातचं खाऊन गुडघ्यापर्यंतच राहिलं."

खरं भांडण कापणीच्या वेळी व्हायचं. सोयाबीन ओलं कापलं तर दाणा चेंगरतो, कोठीत बुरशी धरते आणि व्यापारी नाक मुरडतो. जास्त वाळू दिलं तर शेंगा उभ्या झाडावर तडकतात आणि वर्षभराची मेहनत मातीत सांडते. मधले काही दिवसच काय ते आपले. ते दिवस ओळखायला मी ओलावा मोजायचं यंत्र आणलं होतं. बाबांकडे कवळी होती.

स्वतःचे दात गेले तेव्हा त्यांनी दंतवैद्याला पहिला प्रश्न विचारला होता, "या दातांनी सोयाबीन चावता येईल ना?"

"शक्यतो मऊच खा," दंतवैद्य म्हणाला.

"मऊ असेल तर कापायचं नसतं," बाबा म्हणाले. दंतवैद्याला काही कळलं नाही. त्याने पुढच्या माणसाला बोलावलं.

तर त्या दिवशी त्यांनी दाणा चावला आणि हातावर काढून मला दाखवला. चपटा झाला होता, फुटला नव्हता.

"अजून ओलं आहे. पण कापणीचं मशीन येईल त्या दिवशी तयार असेल बघ."

मी यंत्राच्या डबीत मूठभर दाणे टाकले. काट्याने उडीच मारली. "यंत्र म्हणतंय, मशीनची तारीख पुढे ढकला."

"यंत्राला दात आहेत का?"

"तुम्हाला तरी कुठे आहेत?"

यावर ते इतके हसले की कवळी हाताने धरावी लागली. हे दर वर्षीचं होतं. मक्याच्या बाबतीत यंत्राचं आणि त्यांचं कायम जमायचं, माझ्या सोयाबीनवर मात्र ते हटकून बिनसायचं. शेवटी मशीन दातांच्या हुकमानेच रानात शिरायचं, माल उत्तम निघायचा आणि मी बॅटरीला दोष द्यायचे.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले. मी जेवतानाही पुस्तक सोडत नाही म्हणून हे नाव. "त्या दिवशी दाणा टकदिशी फुटला, तर एकदा म्हणायचं, बाबा, तुमचं बरोबर होतं. एवढी पुस्तकं वाचलीस, हे वाक्य कुठे सापडलं नाही का?"

"फुटू दे, मग बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसावा. यावर काय बोलायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी त्यांना चहा विचारला.

लोक आले आणि गेले. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, राहिली. घर आवरलं, कपडे बांधले. फक्त खिडकीतल्या पेल्याचं काय करायचं ते कुणालाच सुचेना. पाण्यात कवळी होती, आणि कुणीतरी विनोद सांगितल्यासारखी ती हसत होती.

"टाकवत नाही बाई," आत्या म्हणाली, "आणि ठेवून तरी कुणाच्या तोंडात बसणार?"

मग ठरल्या दिवशी मशीन आलं. तारीख मीही विसरले होते. मशीनवाला टोपी काढून अंगणात उभा राहिला. आभाळ भरून आलं होतं.

"ताई, वाईट झालं. पण मला आज नाहीतर थेट पुढच्या पंधरवड्यात. आणि वर बघताय ना? मशीन रानात घालू का?"

मी यंत्र घेऊन रानात गेले. काटा म्हणाला, ओलं. शेंगा हलवल्या तर खुळखुळत होत्या. पुन्हा मोजलं. ओलं. नवी बॅटरी घातली. ओलंच.

"काका असते तर चावून सांगितलं असतं," मशीनवाला म्हणाला.

मी स्वतः चावून पाहिलं. कसलातरी आवाज झाला, पण तो दाण्याचा की माझ्या दाढेचा, ते कळेना. आयुष्यभर वाचत बसल्यावर एवढंच होतं.

मी घरात गेले आणि पेला घेऊन आले.

"अगं, शुद्धीवर आहेस ना?" आत्या मागून धावत आली.

"वरची तू धर," मी म्हणाले.

"मी नाही धरणार! दादा आयुष्यभर मला चावायला धावत होता, आता हौस फिटेल त्याची!"

पण तिने धरली. मी खालची धरली आणि मध्ये दाणा ठेवला. दोघींनी मिळून दाबलं. दाणा निसटून मशीनवाल्याच्या कपाळावर बसला.

"जरा मागच्या दाढेत घ्या ना," तो कपाळ चोळत गंभीरपणे म्हणाला. "काका मागच्याने चावायचे."

दुसरा दाणा मागे ठेवला. दाबलं.

टक.

दोन स्वच्छ फोडी माझ्या हातावर पडल्या. दुसऱ्या टोकाचे दाणे आणून पुन्हा केलं. टक. आत्याचे डोळे भरून आले आणि ती हसत सुटली; दोन्ही एकदमच.

"तयार आहे," मशीनवाला म्हणाला. "पण यंत्र?"

मी यंत्र उलटं केलं. तळाला जुनी, मळकट चिकटपट्टी होती. बॅटरीचं झाकण सुटतं म्हणून लावलीय, असं बाबांनी सांगितलं होतं. झाकण तर मी आत्ताच उघडलं होतं. ते यंत्राच्या कडेला होतं, तळाला नव्हतं. पट्टी सोलली. खाली एक लहान चकती निघाली, तिच्यावर पिकांची चित्रं. बाण कणसावर होता.

इतकी वर्षं माझं सोयाबीन मका म्हणून मोजलं जात होतं.

मी बाण शेंगेवर आणला आणि दाणे टाकले. काटा निमूट खाली आला, अगदी कापणीच्या खुणेवर.

"लबाड!" मी म्हणाले. "एवढे अचूक दात असताना ही भानगड कशाला?"

"मग तू विचारायला आली असतीस का त्याला?" आत्या म्हणाली, आणि पदराने कवळी पुसू लागली.

मशीन सुरू झालं. पहिली ओळ आत गेली, दाणे टाकीत खडखडू लागले. बांधावर उभी राहून मी ते वाक्य म्हटलं. मशीनवाल्याने मला ओठ हलवताना पाहिलं, घाईघाईने इंजिन बंद केलं आणि डोकं बाहेर काढलं.

"काय म्हणालात ताई? थांबू का?"

"तुम्हाला नाही."

"मग?"

आत्याने कवळी पेल्यात ठेवली आणि पेला उंच धरला. एवढ्या शांततेत आता हळू बोलून चालणार नव्हतं.

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "तुमचं बरोबर होतं."