तळ्यापलीकडचं फ्रान्स

"अहो, सरहद्द आली की सांगा हं," बोटीच्या कठड्याला धरून कुमुदिनी म्हणाली.

"ही काय आलीच. तो बगळा दिसतोय ना, तो जर्मन. त्याच्या पलीकडचा फ्रेंच."

"मग पासपोर्टवर शिक्का नाही मारत?"

"पाण्यात टेबल कुठे मांडणार?"

अडतीस वर्षांपूर्वी याच तळ्यात तिने हेच विचारलं होतं आणि मी हीच उत्तरं दिली होती.

त्याचं असं झालं. मी साताऱ्याला मुलगी बघायला गेलो, तर भिंतीवर फ्रान्सच्या राजवाड्याचं कॅलेंडर. पुढे बाग, कारंजी. वर्ष उलटून गेलं तरी ते पान कुणी काढलेलं नव्हतं. "हिला फार आवडतो तो," सासूबाई म्हणाल्या आणि माझी जीभ सुटली. "आमच्या जर्मनीतल्या रेगेन्सबर्गहून हाकेच्या अंतरावर आहे. पहिल्याच उन्हाळ्यात नेतो."

थापा मारणं हा माझा जन्मजात उद्योग. माझ्या आजोबांच्या बैलगाडीला रिव्हर्स गिअर होता, हे मी कारखान्यातल्या झाडून सगळ्या जर्मन फिटरांना पटवलं होतं. व्हिसा देणाऱ्या फ्रेंच साहेबाला मात्र काही पटेना. दोनदा नकार आला. तेव्हा कुणीतरी सांगितलं की बव्हेरियाच्या एका राजाने कीमझे तळ्यातल्या बेटावर हुबेहूब त्याच राजवाड्याची नक्कल बांधायला घेतली होती. झालं. कुमुदिनीला आधी आगगाडीत बसवलं, मग बोटीत, आणि उतरल्यावर सांगितलं, हाच तो.

पुढे खरं सांगायचं राहून गेलं. फ्रान्सला जाणं सोपं झालं, तेव्हा तीच म्हणायची, "पाहिलाय की एकदा. पुन्हा कशाला?"

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी तिच्या आजाराला नाव दिलं. तेव्हापासून काही सकाळी ती मला ओळखते, काही सकाळी दारातल्या पाहुण्यासारखं बघते. मुक्ता, आमची मुलगी, फोनवर म्हणाली, "बाबा, आता सांगून काय उपयोग? आल्झो... म्हणजे, राहू दे ना." पण माफ करणारी घरात आहे तोवर मला माफी मागून घ्यायची होती.

राजवाड्यात आमच्याखेरीज सातआठ माणसं होती. राजा इथे जेमतेम दहा दिवस राहिला, असं गाइड सांगत होती. तो सोन्याचा पलंग तर स्वतःसाठी केलेलाच नव्हता. तो होता दुसऱ्याच राजाच्या नावाने, फ्रान्सच्या, त्याच्याही दीडशेहून जास्त वर्षं आधी मेलेल्या.

"आत्ताच उठून गेलंय कुणीतरी," कुमुदिनी माझ्या कानाशी म्हणाली. चादरीवर एक सुरकुती नव्हती. तरी मी त्या पलंगाकडे पाठ करायचं टाळलं.

आरसेमहालात तर प्रत्येक आरशात एक म्हातारा आणि एक म्हातारी. तिने त्या म्हातारीला वाकून नमस्कार केला.

"फार दमल्यात हो बिचाऱ्या. सोबत आहे का कुणी?"

"आहे," मी म्हणालो.

बाहेर कारंज्याशी एक बाक रिकामा होता. कारंज्यावर अर्धी माणसं, अर्धे बेडूक असे पुतळे तोंडं वासून पाणी उडवत होते. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी सुरुवात केली. व्हिसाचे नकार, बेट, बगळे, सगळं सांगून टाकलं. "कुमुद, हे फ्रान्स नाही. तेव्हाही नव्हतं."

मांडीवर हात ठेवून तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"माहितीय मला. बोटीवर तिकीट तपासणारा नमस्कार म्हणून 'ग्र्युस गॉट' म्हणाला. आमच्या खालची बेकरीवाली म्हणते ना, अगदी तस्संच. मी काय खुळी आहे का, काका?"

काका. मी तिच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांच्या मुलीने म्हाताऱ्या माणसाकडे बघावं, तशी ती अदबीने बघत होती.

"पण आमच्या ह्यांना बोलू नका हं," तिने आवाज उतरवला. "नकाराचं पत्र मी त्यांच्या कोटात वाचलंय. आठवडाभर धड जेवले नव्हते. इतक्या हौसेनं आणलंय. मी आपली विचारत राहते काहीबाही, म्हणजे त्यांना सांगायला मजा येते."

"कुठे गेलेत ते?" मी विचारलं.

"आइस्क्रीम आणायला. भेटलं असेल वाटेत कुणीतरी. झालं, बसले असतील थापा मारत!" ती हसली. हे हसू मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग तिने मान उंच करून झाडांमधल्या वाटेकडे पाहिलं.

"काका, जरा तिकडे सरकता का? येतीलच ते. बसायला जागा हवी ना त्यांना."

मी बाकाच्या टोकापर्यंत सरकलो. मधल्या फळीवर कारंज्याचे शिंतोडे पडले होते. तिने पर्समधून रुमाल काढला आणि तेवढी जागा नीट, कोरडी पुसून ठेवली.