बोर्गिल्डच्या मयताची बियर

आमची आई बोर्गिल्ड गेली तीही सगळ्यांना कामाला लावून. नाकात नळी, अंगात त्राण नाही, तरी हॉस्पिटलातल्या नर्सला कॉफी पाणचट आहे म्हणून झापत होती. शेवटच्या दिवशी तिने मला आणि माझ्या धाकट्या भावाला, आस्लाकला, जवळ बोलावलं. आम्हाला वाटलं, आता तरी काही मायेचं बोलेल. ती म्हणाली, "माझ्या मयताला दुकानातली बियर आणलीत तर पेटीतून उठून बसेन. घरी करायची. आणि मोन्सला हाताशी घ्या. नुसता बसवून ठेवलात तर गंजेल तो."

मोन्स म्हणजे आमचे बाबा. ते खाटेच्या पायथ्याशीच उभे होते आणि नेहमीप्रमाणे काही बोलले नाहीत. लग्नात घरातलं बोलणं वाटून घेतलं असेल, तेव्हा सगळंच्या सगळं आईच्या वाट्याला गेलं असावं. ती अंगणात उभी राहून "मोन्स, कुठे मेलास?" अशी हाक मारायची. ती फियॉर्डच्या, डोंगरांत घुसलेल्या आमच्या खाडीच्या, पलीकडच्या काठाला ऐकू जायची. बाबा गोठ्यात असोत की होडीत, हातातलं काम खाली ठेवायचे आणि मुकाट्याने येऊन उभे राहायचे. "अरे, एकदा 'आलो' म्हणायला जीभ झिजते का तुझी?" हे तिचं पुढचं वाक्य. बाबांची जीभ जन्मभर शाबूत राहिली.

ती गेल्यावर बाबांनी कोट चढवला, बूट घातले आणि स्वयंपाकघरात दाराजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. धक्क्यावर बोटीची वाट बघत बसतात तसे. मी मासा उकडून पुढे ठेवला, तो त्यांनी मांजराला दिला. बटाटे ठेवले, ते मांजरानेही घेतले नाहीत.

पलीकडच्या काठावरचा लुडविग होडी वल्हवत भेटायला आला. मनाने चांगला, पण तोंडाला झाकण नाही. बाबांच्या देखतच मला म्हणाला, "अशी जोडपी मागोमाग जातात गं, तुरिड. माझा मामा बघ. मामी गेली आणि महिन्याच्या आत तोही गेला. त्यांचं तर पटतही नव्हतं."

मी त्याच्या हातात केकचा तुकडा कोंबून त्याला बाहेर काढलं. पण त्याचं बोलणं काही बाहेर जाईना. मला भीती वाटत होती. आईचं जाणं मी कसंबसं गिळलं होतं. लगेच दुसरा घास माझ्याच्याने उतरला नसता.

म्हणून मी ठरवलं, बियर करायचीच, आणि बाबांना घेऊनच करायची. अडचण एवढीच होती की बियर कशी करतात हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

ऐकणाऱ्याला खोटं वाटेल. दर नाताळला, दर लग्नाला आमच्या चूलघरात बियर झाली आणि आम्ही सगळे तिथे राबलो. पण आईने कधी कुणाला पूर्ण काही शिकवलं नाही. आस्लाकने फांद्या तोडायच्या, मी पाणी ओतायचं, बाबांनी चूल बघायची. चुकलं की ती ओरडायची, बरोबर असलं की गप्प राहायची. म्हणजे फार क्वचित गप्प राहायची.

आस्लाक बर्गनहून आला तो एक चकचकीत तापमापक आणि बियर फसफसवायचं दुकानातलं विरजण, म्हणजे यीस्ट, घेऊन. बर्गनमध्ये तो पाण्याखालच्या नळांचा इंजिनिअर आहे. आमच्या घरात त्याला उंटावरचा शहाणा म्हणतात. म्हणजे आई म्हणायची, आम्ही नुसती मान हलवायचो.

"हे विरजण प्रयोगशाळेतलं आहे," तो म्हणाला. "खात्रीचं."

"आणि आई पेटीतून उठली की तिला समजावणार कोण? तू?"

त्याने ती पुडी खिशात घातली. मी फळीवरचा कॉफीचा डबा काढला. त्यात आईने वाळवून ठेवलेले विरजणाचे पापुद्रे होते, तिच्या आजीपासून चालत आलेले. ते थोड्या कोमट गोड पाण्यात भिजत घातले. मग बाबांना आम्ही दोघांनी काखेत हात घालून, कोटाबुटासकट, चूलघरातल्या ओंडक्यावर नेऊन बसवलं. त्यांनी विरोध केला नाही. पोत्यानेही केला नसता.

"आता काय?" आस्लाक म्हणाला.

मला एकदम आठवलं. "तू ज्युनिपरच्या फांद्या आणायचास तेव्हा आई काय म्हणायची?"

"मला? 'झाडाची दाढी करतोयस का? हातभर लांब आण, आणि पिवळी एक जरी दिसली तर तुझ्या गादीखाली घालीन.'"

"मग जा. हातभर लांब. हिरव्या."

अशी आमची बियर सुरू झाली. आईची अख्खी पाककृती शिव्यांच्या रूपात आमच्याकडे शिल्लक होती. फक्त ती क्रमाने लावायची होती. त्या काटेरी, वासाच्या फांद्या हंड्यात घालून पाणी तापत ठेवलं. आस्लाक तापमापक बुडवून आकडे वाचू लागला.

"'घर जाळायला निघालास की काय' हे ती केव्हा म्हणायची?" मी विचारलं.

"हंडा गुणगुणायला लागला की. पण ते मला नाही, बाबांना म्हणायची."

आम्ही बाबांकडे पाहिलं. हंडा गुणगुणत होता. बाबांनी मान वर केली नाही, पण बुटाच्या टोकाने एक जळतं लाकूड चुलीबाहेर ओढलं. आठवड्यात त्यांनी आपणहून केलेलं पहिलं काम ते. मला रडू आलं आणि मी धुरावर ढकललं.

मोठ्या पिंपाच्या तळाशी फांद्या अंथरल्या. वर मोड आणून वाळवलेला, भरडलेला जव टाकला आणि मी त्यावर ते हिरवट गरम पाणी ओतू लागले.

"तुला काय म्हणायची?" आस्लाकने विचारलं.

"'ओततेस की सांडतेस? नवऱ्याच्या डोक्यावर नाही ओतायचं ते. सावकाश.'"

"हे घटस्फोटाच्या आधी की नंतर?"

"आधीपासूनच. तिला माझ्याआधी कळलं होतं."

ओंडक्यावरून काहीतरी आवाज आला. खोकला असेल. पण बाबांचे खांदे जरा हलले होते.

लापशी मुरली. मग पिंपाचं बूच ढिलं केलं तसा तळातून तपकिरी, चिकट, गोड रस बादलीत येऊ लागला. तो दुसऱ्या पिंपात ओतून निवत ठेवला. आई त्यात कोपर बुडवून बघायची, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं. आस्लाकने तापमापक ठेवून दिलं आणि शर्टाची बाही वर केली. बर्गनच्या लोकांनी पाहिलं असतं तर त्याची नोकरी गेली असती.

"झालं कोमट," तो म्हणाला. "यानंतर ती काय म्हणायची?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी तोंड उघडलं आणि एकाच वेळी मिटलं. कारण दोघांनाही तेच आठवलं होतं.

आमच्या फियॉर्डवर विरजण घालताना ओरडावं लागतं. ओरडलं नाही तर बियर झोपलेली राहते, आणि जो ओरडतो त्याचा स्वभाव बियरमध्ये उतरतो. लुडविगची बियर प्यायली की लोक बेसूर गातात ते त्यामुळेच. लोक 'होय' ओरडतात, 'हू' ओरडतात. आमची आई काटकसरी. विरजण घालून झालं की पिंपावर झाकण ठेवायला बाबा लागायचे, आणि ते नेमके तेव्हा लाकडं आणायला गेलेले असायचे. म्हणून ती एकाच ओरडण्यात दोन कामं उरकायची. "मोन्स, कुठे मेलास?"

"तूच ओरड," मी आस्लाकला म्हटलं.

त्याने छाती भरून घेतली. "मोन्स, कुठे..." आणि तिथेच अडला. माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "बाबांना हे कसं विचारू? या आठवड्यात?"

"'होय' तरी म्हण मग."

तो 'होय' म्हणाला. ऑफिसात हजेरी देतात तसा. मग मी प्रयत्न केला. माझ्या गळ्यातून अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखं काहीतरी निघालं. हातातल्या भांड्यात विरजण फेसाळत होतं, रस निवत चालला होता, आणि मयत चार दिवसांवर आलं होतं.

"तसं नाही," ओंडक्यावरून आवाज आला.

आम्ही वळलो. बाबा पिंपाकडे बघत होते.

"तिला राग यायचा," ते म्हणाले.

राग? माझ्याकडे रागाला काय तोटा होता. मला लुडविगच्या मामाचा राग आला. आईचा आला, जाताना नवऱ्याला सामानासारखा आमच्या हवाली करून गेली म्हणून. सगळ्यात जास्त आला तो त्या कोटाचा. आत पाय दुमडून बसलेल्या या माणसाचा, ज्याने मला होडी चालवायला शिकवलं आणि आता बोटीची वाट बघत बसला होता. मी भांडं पिंपात उपडं केलं आणि ओरडले,

"मोन्स, कुठे मेलास?"

तो माझा आवाज नव्हता. आईचाच होता, शेंड्यापासून बुडख्यापर्यंत. मांजर खिडकीतून पळालं. आस्लाकने दोन्ही हात चटकन मागे लपवले, लहानपणी लपवायचा तसे. आणि बाबा उठले. जन्माची सवय, पाय आपोआप उठले. तरातरा दारात गेले, फियॉर्डकडे तोंड केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा उत्तर दिलं.

"आलो!"

मला लुडविगचा मामा आठवला. हे उत्तर ऐकायला आई जन्मभर तळमळली, आणि मला वाटलं, तो शब्द दोन्ही हातांनी परत त्यांच्या तोंडात कोंबावा. समोरच्या डोंगराने तो शब्द परत पाठवला. बाबांनी तो नीट ऐकून घेतला. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्यांना ठाऊक नसावं. मग त्यांनी पुन्हा श्वास घेतला.

"पण सावकाश!"

डोंगराने तेही पाठवलं. बाबा आत आले, पिंपावर झाकण ठेवलं आणि कोटाची बटणं सोडू लागले.

"तुरिड, मासा उरलाय का?"

"मांजराने खाल्ला."

"मग बटाटे आण."

ते दुसरा बटाटा सोलत होते तोवर लुडविग धापा टाकत धक्क्यावर उतरला. चेहरा पांढराफटक. "बोर्गिल्ड ओरडली," तो म्हणाला. "आणि मोन्सने उत्तर दिलं. मला वाटलं, दोघंही वर पोचले आणि तिथे सुरू झाले."

मयताच्या दिवशी बियर तयार होती. काळसर, गोड, नाकात ज्युनिपरचा वास, आणि जोर असा की पाद्रीणबाई पहिल्या वाडग्यानंतर आईला संत म्हणाल्या आणि दुसऱ्यानंतर तिने आपल्याला एकदा चर्चच्या दारात कसं झापलं होतं ते सांगू लागल्या. स्वभाव उतरतो म्हणतात तो असा उतरला की कुणी घरी जाईना. पाद्रीणबाईंना घ्यायला नवरा गाडी घेऊन आला. त्या "आलेच" म्हणाल्या आणि खुर्ची आणखी टेबलाजवळ ओढली. धक्क्यावरून लुडविगच्या बायकोने हाक मारली. तो "आलो" म्हणाला आणि वाडगा पुढे केला. आईच्या मयताला एवढी गर्दी एवढा वेळ थांबेल असं तिलाही वाटलं नसतं. तिने सगळ्यांना हाकललं असतं.

मी चूलघरात गेले तेव्हा बाबा बिनकोटाचे, पिंपात वाकून, वरचं विरजण लाकडी चमच्याने काढत होते. काढून स्वच्छ फडक्यावर पातळ पसरत होते, आई पसरायची तसं.

"एवढं कशाला, बाबा?"

"नाताळला लागेल." त्यांनी फडक्याची कडा नीट केली. "ओरडायला तू ये. तिच्यावर गेलीयस."

"येईन. पण हाक मारली की दर वेळी उत्तर द्यायचं."

बाबांनी चमचा चाटला.

"जीभ झिजते गं," ते म्हणाले.