धुतलेली मालगाडी

गोटी दुपारी झोपली की तिच्या आईला साधारण एक तास वीस मिनिटं मिळायची. दात शिवशिवत असले तर चाळीस, आणि वरच्या मजल्यावर कुणी भिंतीत खिळा ठोकायला घेतला तर काहीच नाही. अकरा महिन्यांच्या त्या पोरीचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण इथे ठेवली की घरंगळत तिथे सापडायची, म्हणून सगळे तिला गोटीच म्हणत. ती झोपली की आई चवड्यांवर चालत बेडरूममधल्या कपाटापाशी जायची, डावं दार उघडायची आणि मधल्या कप्प्यावर वाकायची.

कप्प्यात मालधक्का होता. सव्वा मीटर लांब आणि जेमतेम हातभर रुंद. दोन रूळ, एक सांधा, पत्र्याची एक शेड, एक मोडका दिवा आणि मधल्या बोटाएवढे सहा मालडबे. तिथे पूर्वी नवऱ्याचे कोट लटकायचे. ते आता दारामागच्या खुंटीवर एकमेकांच्या खांद्यावर बसले होते. नवरा बस चालवायचा. तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, की आमच्याकडे कपाट उघडलं तर कपडे मिळतीलच असं नाही, गाडी मात्र उभी असते.

ती स्वतः दात बनवायची. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या नि टोप्या करून देणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ती सात वर्षं होती, आणि तिथे तिचं काम होतं रंग देण्याचं. अगदी पांढराशुभ्र दात तोंडात बसवला की लांबूनच खोटा दिसतो. हिरडीपाशी जरा पिवळट, कडेला जरा निळसर, मध्ये चहाची एखादी पुसट रेघ, असं केलं की तो माणसाचा होतो. बाळंतपणाची रजा सुरू झाली तेव्हा तिचा हात या कामावाचून अगदी सुना पडला. मग एका दुपारी तिने जुन्या प्लायवूडची फळी कप्प्याच्या मापाने कापून घेतली, आणि त्यानंतर जे सुरू झालं ते थांबलं नाही. जमिनीसाठी तिने चहाचा चोथा वाळवला आणि राख चाळली. पातळ केलेला गोंद औषधाच्या ड्रॉपरने रुळांमध्ये थेंब थेंब सोडला. गवत म्हणून जुन्या ब्रशचे केस कातरून लावले. गंजासाठी तर खटाटोपच. आधी तपकिरी रंग, त्यावर मिठाचे दाणे, त्यावर वरचा रंग, आणि वाळल्यावर मीठ खरवडलं की आतला तपकिरी उघडा. वर खडूची पूड, स्पंजाने हलक्या हाताने. एका डब्याला तीन-चार दुपारी लागायच्या.

हा मालधक्का तिने मनाने रचला नव्हता. तिचे बाबा रेल्वेच्या कारखान्यात रंगारी होते, आणि कारखान्याच्या मागे असाच धक्का होता. सुट्टीत बाबांचा डबा घेऊन ती जायची आणि भोंगा होईपर्यंत लाकडी स्लीपरच्या ढिगावर पाय हलवत बसायची. आता तिथे मोटारी लावायची जागा झाली आहे. शेडच्या तिसऱ्या पत्र्याचा कोपरा वर वळलेला होता, तो तिला अजून आठवत होता, तसाच तिने वळवला होता.

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये छोट्या रेल्वेंचं प्रदर्शन होतं, कुणीतरी गळल्यामुळे तिला दारापाशी अर्धं टेबल मिळालं होतं, आणि तिथे त्यांना नेऊन उभं करायचं असा तिचा बेत होता. सोमवारी रजा संपत होती. गेल्या अकरा महिन्यांत तिने हातात घेतलेलं प्रत्येक काम अर्धं राहिलं होतं. मोजे, पत्रं, रोजचा चहासुद्धा. हे एक तरी पुरं करून टेबलावर ठेवायचं, एवढंच तिचं म्हणणं होतं. आता नाही झालं, तर गोटी शाळेत जाईपर्यंत व्हायचं नाही हे तिला पक्कं माहीत होतं. फक्त शेवटचा वॉर्निशचा हात राहिला होता. त्याच्या वासात बाळ नको, म्हणून तिने तो शुक्रवारवर ढकलला होता.

गुरुवारी तिला कामावर दोन तास बोलावलं, पाळ्या ठरवायला. बाबा गोटीला सांभाळायला आले.

परत आली तेव्हा घर शांत होतं. भांडी घासून पालथी घातलेली, लंगोट घड्या करून कडेला कड जुळवून ठेवलेले, गोटी आजोबांच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपलेली. आणि ओट्यावर, पसरलेल्या पंच्यावर, सहा मालडबे रांगेत उभे होते. लालचुटूक. चकचकीत. मीठ, खडू, स्पंज, तीन आठवड्यांच्या दुपारी, सगळं मोरीतून वाहून गेलं होतं. नुसते धुतले नव्हते, जिथे रंग गेला तिथे लाल रंगाचा हात फिरवला होता, आणि प्रत्येक डब्याच्या कुशीवर पांढऱ्या रंगात आकडे लिहिले होते. तिचाच सगळ्यात बारीक ब्रश वापरून, पट्टी न लावता. शेडचं छप्परही कसं लख्ख झालं होतं.

बाबा कुजबुजले, गोटी उठू नये म्हणून. लाळेरं शोधायला कपाट उघडलं, त्यात हे दिसलं. किती दिवसांचा गंज चढला होता गं, म्हणाले. बाळामागे तुला वेळ कुठला, म्हणून भांडी झाली तसं हेही उरकून टाकलं. जमीनसुद्धा झाडायला घेतली होती, पण तेवढ्यात ही उठली.

"छान झालंय," ती म्हणाली, आणि न्हाणीघरात जाऊन उगाचच नळ सोडून उभी राहिली.

ओरडावं तरी कुणावर? भांडी घासली म्हणून कुणी ओरडतं का? तोंड धुऊन ती बाहेर आली, तोवर नवराही कामावरून आला होता. त्याने ओट्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, "अरेच्चा" एवढंच म्हणाला आणि खाली बसून बूट काढायलाच भलता वेळ लावला. एरवी ज्याच्या तोंडाला कुलूप लागत नाही, तो नाडीशी खेळत बसलाय म्हटल्यावर बाबांनीच विचारलं, काय झालं?

मग तिने सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण शनिवारी सांगावंच लागलं असतं. गंज आलेला नव्हता, आणलेला होता. मिठाने, खडूने. वॉर्निश राहिलं होतं म्हणून तो पाण्याने निघाला. शनिवारी प्रदर्शन आहे, आणि तुम्हाला ते तिथे दाखवायचं होतं.

गोटीला बाबांनी दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मुद्दाम घाण केली होतीस?"

"हो, बाबा."

"मुद्दाम. आणि मी धुतली."

"तुम्हाला काय माहीत?"

"शेड बघितली तेव्हाच ओळखली होती मी. तो वळलेला पत्रा." त्यांचा आवाज खाली गेला. "म्हणून तर धुतली. आपल्या धक्क्यावरून असला डबा मी कधी बाहेर जाऊ दिला नाही गं."

बाबांनी नात जावयाच्या हातात दिली, चपला घातल्या, दाराची कडी काढली. त्यांची पाठ एवढीशी दिसायला लागली होती. आता हे महिनाभर काही ना काही निमित्त काढून येणार नाहीत, आणि आले तरी पाहुण्यासारखे खुर्चीच्या टोकावर बसतील, हे तिला दिसत होतं. शनिवार गेला तर गेला, पण हे नको. ती त्यांना थांबवायला पुढे झाली, तेवढ्यात ते दारातच वळले.

"पण गंज चुकीचा होता," ते म्हणाले.

"काय?"

"सगळीकडे सारखा. ठिपके ठिपके. पोराला गोवर येतो तसा. डब्याला गोवर येत नाही."

नवऱ्याला हसू फुटलं. तिला राग यायला हवा होता, आलाही, पण त्याच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी आलं. बाबा चपलांसकट आत आले. एक डबा उचलून, चष्मा कपाळावर सरकवून, ते बोटाच्या नखाने दाखवायला लागले. दार उघडताना आपटतं ती ही खालची कड, इथला रंग आधी उडतो, गंज इथून सुरू. मग पाणी खाली ओघळतं, म्हणून गंजाला शेपूट असतं, नेहमी खाली. छप्पर मध्ये काळं, कडेला कमी. चाकांशी ब्रेकची तपकिरी भुकटी. आणि मुठीपाशी काही नाही, तिथे रोज माणसांचे हात लागतात, तिथे पत्रा चकाकतो.

"चौतीस वर्षं भांडलोय मी त्याच्याशी," बाबा म्हणाले. "तो कुठे राहतो ते मला ठाऊक आहे."

दाताला ती कधी सगळीकडे सारखा डाग देत नसे. कामावरच्या नव्या मुलीने दिला तर ती तो परत करायला लावायची, घास कुठे चावला जातो, चहा कुठे साचतो ते आधी बघ म्हणायची. मग या डब्यांनीच काय घोडं मारलं होतं?

शुक्रवारी बाबा बाराच्या आतच आले. घरचा जुना शर्ट पिशवीत घालून आणला होता. गोटीला भात भरवताना दोघांनी तिच्याकडे अशा काही आशेने पाहिलं की ती बिचारी संशयाने चमचा बघायला लागली. एक वाजून दहा मिनिटांनी ती झोपली.

सुरुवातीला बाबांचा हात धजेना. तपकिरी रंगात बुडवलेला ब्रश डब्यापासून केसभर अंतरावर आणायचे आणि थांबायचे. आयुष्यभर ज्याला हुसकून लावलं त्याला आता हाताला धरून घरात घ्यायचं होतं. शेवटी तिने ब्रश काढून घेतला आणि त्यांच्या हातात दात कोरायची काडी दिली. काडी हे हत्यार त्यांच्या ओळखीचं नव्हतं, म्हणून तिच्याशी काही जुनं वैर निघालं नाही. पहिली रेघ दाराच्या कडेखाली उतरली, बारीक, जरा वाकडी. बाबांनी श्वास सोडला. "हं. असा," ते म्हणाले.

मग काम पळायला लागलं, कारण आता ठिपक्यांऐवजी नुसत्या रेघा ओढायच्या होत्या. ते जागा दाखवायचे, ती रंग द्यायची. तिचा रंग जास्त झाला की ते "झिजव" म्हणायचे आणि ती स्पंज फिरवायची. प्रत्येक डब्याचा धंदा त्यांनी ठरवून टाकला. हा कोळशाचा, म्हणजे आतून काळा. हा सिमेंटचा, याच्या फटींत पांढरं बसतं आणि पावसात त्याचा दगड होतो. हा मिठाचा, हा सगळ्यात वाईट, हा आतून खातो. मिठाच्या डब्यासाठी तिने पुन्हा मीठच वापरलं तेव्हा ते मनापासून हसले, तोंडावर हात ठेवून. त्यांचे आकडे तिने पुसले नाहीत. फक्त वरून खडूच्या पुडीचा एक पातळ हात दिला, तर ते वर्षानुवर्षं तिथेच असल्यासारखे दिसायला लागले. शेडच्या पत्र्यालाही खिळ्याखिळ्याखाली शेपटं फुटली.

पाच डबे झाले, आणि आतून "आ-बा-बा" ऐकू आलं. मागोमाग काहीतरी पडल्याचा आवाज.

सहावा डबा तसाच चकचकीत उभा होता. संध्याकाळी वॉर्निश द्यायचं होतं, नवरा गोटीला घेऊन बागेत जाणार होता तेवढ्या तासात. या डब्यासाठी वेळ उरत नव्हता. तिने तो उचलून बाजूला ठेवायला घेतला, पाचच मांडू म्हणाली.

"ठेव तिथेच," बाबा म्हणाले. एका गुडघ्यावर गोटी, जी त्यांचा चष्मा ओढत होती, आणि उजव्या हातात तो बारीक ब्रश. डब्याच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत त्या दिवसाची तारीख लिहिली. कारखान्यातून रंगून निघालेल्या प्रत्येक डब्यावर ते अशीच लिहायचे.

शनिवारी हॉलमध्ये मोठाली टेबलं होती, डोंगर होते, बोगदे होते, शिट्ट्या वाजवणारी इंजिनं होती. दारापाशीच्या अर्ध्या टेबलावर काहीच हलत नव्हतं. तरी माणसं वाकायची, आणि वाकली की लवकर सरळ होत नसत. ती मागे उभी होती, हात कुठे ठेवावे ते न कळून. पुरं झालेलं काम समोर असलं की माणसाने काय करायचं असतं, याची तिची सवयच गेली होती.

जाड चष्म्याचे एक गृहस्थ बराच वेळ बघत होते. गंज फार खरा आहे, म्हणाले. पण हा शेवटचा डबा एकटाच नवा कसा? राहिला वाटतं?

ती तोंड उघडणार, तोच बाबा पुढे झाले. कडेवर गोटी, अंगावर इस्त्रीचा शर्ट.

"राहिला नाही. कालच कारखान्यातून निघालाय. तारीख बघा ना कोपऱ्यात."

गृहस्थांनी नाक डब्याला लागेस्तोवर मान खाली घातली, तारीख वाचली, आणि वर बघून गंभीरपणे मान डोलावली. मग त्यांनी आपल्या बायकोला बोलावून आणलं आणि तिलाही ती तारीख दाखवली, जणू त्यांनीच ती शोधून काढली होती. बाबांनी लेकीकडे पाहिलंच नाही. छताकडे बघत राहिले. पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि गोटी त्यातला एक ओढत होती.

सोमवारी ती कामावर गेली. मालधक्का पुन्हा कपाटात, कोट पुन्हा दारामागे. सकाळभर तिचं अर्धं मन घरी होतं. दीड वाजता ती एका दाढेच्या खळगीत चहाचा पुसट डाग भरत होती, तेव्हा फोन थरथरला. बाबांचा निरोप होता. गोटी झोपली आहे. शेडच्या पन्हाळीखाली ओल असायची, तिथे थोडं शेवाळ हवं. लावू का?

तिने दाढ उजेडात धरून पाहिली, खाली ठेवली, आणि उत्तर लिहिलं.

लावा. थोडंच. आणि जमीन झाडू नका.