आईच्या भांड्याचं झाकण

आमच्या ह्यांना माणसांपेक्षा भांडी प्रिय. दोनशे वर्षांपूर्वी चिनी कारागिरांनी परदेशी व्यापाऱ्यांसाठी हातानं रंगवलेली चिनीमाती दिसली, की ह्यांची तहानभूक हरपते. चार कपाटं भरली आहेत. जीव मात्र अडकला होता एका झाकणात.

सासूबाईंनी जाताना सूप वाढायचं मोठं भांडं ह्यांना दिलं आणि त्याचं झाकण धाकट्या लेकीला. त्या निमित्तानं भावंडं भेटत राहतील, ही भाबडी आशा. भेटत राहिली खरी. दर भेटीत ह्यांनी झाकण मागायचं आणि नणंदबाईंनी नाही म्हणायचं.

मग नणंदबाईंची नजर जायला लागली. वर्षभरात सगळं धूसर झालं. झाकण एकदा कपाटावर आपटलं आणि कडेचा टवका उडाला, म्हणून दुरुस्तीसाठी त्यांनी ते विश्वासानं भावाकडे दिलं. आयतंच घबाड हाती लागलं. ह्यांनी त्याच मापाचं, तसल्याच फुलांचं नवं झाकण बाजारातून शोधून आणलं.

परवा त्या न्यायला आल्या. झाकण मांडीवर घेतलं आणि बोटं फिरवली. एकदा, दोनदा, मग उलट्या बाजूनं. जुन्या कामात रंग जाड बसलेला असतो, पाकळी न पाकळी बोटाला लागते. नव्यावर छापील चित्र, सगळं गुळगुळीत.

"दादा, आईची फुलं हाताला लागत नाहीत रे."

"डोळ्यांपाठोपाठ बोटंही गेली वाटतं तुझी," हे म्हणाले आणि चहा पीत राहिले.

त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. "वहिनी, तुम्ही बघून सांगा. तेच आहे ना?"

खरं झाकण माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. पण याच बोटांनी बाईनं वीस वर्षं माझ्या घरातली धूळ शोधली होती. फळीवरून बोट फिरवायचं आणि चारचौघांत वर करून दाखवायचं. ते सगळं मला आठवलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

"तेच आहे," मी म्हणाले. "अगदी तेच."

त्यांनी मान डोलावली आणि झाकण पिशवीत ठेवलं.

आमचा जिना त्या नेहमी भिंतीला बोटं लावून एकट्या उतरतात. कोणी हात पुढे केला तर झिडकारतात. त्या दिवशी पहिल्या पायरीशी थांबल्या, भिंत चाचपली आणि हात मागे घेतला.

"वहिनी, जरा धरता का मला?"

मी धरलं.