बटणांच्या डब्यातलं ब्लूटूथ

परीक्षा अकराला होती आणि दहा पस्तीस झाले तरी माझे इअरबड्स संगणकाला ओळख दाखवायला तयार नव्हते.

डॉक्टर रुग्ण तपासून झाल्यावर भराभर बोलून ठेवतात, ते ऐकून टाइप करायचं माझं काम. सहा महिने ते मी बदली म्हणून करत होते. आजची दहा मिनिटांची परीक्षा पास झाले तर नोकरी कायमची. नियम एकच, पण कडक: रुग्णाची गोष्ट मोठ्याने वाजवायची नाही, कानात घालूनच ऐकायची.

"काल तर चालत होते!" मी ओरडले. "अहो, तुम्ही कशाला हात लावलात का?"

आमचे हे शिंपी. एकाच खोलीत या भिंतीला त्यांचं मशीन, त्या भिंतीला माझा संगणक. "मी कशाला हात लावू? सकाळी जरा झाडून घेतलं, एवढंच," ते म्हणाले.

यांचं 'जरा' मला चांगलं ठाऊक आहे. मी टेबलाखाली वाकले. संगणकाच्या मागे खोचलेला ब्लूटूथचा चिमुकला तुकडा गायब! त्याच्याशिवाय आमच्या जुन्या संगणकाला इअरबड्स दिसतच नाहीत.

"मागे काळं, नखाएवढं काही होतं?"

"ते होय? कुणाच्या तरी कोटाचं बटण अडकलंय असं वाटलं. डब्यात टाकलं."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. डब्यात चारेकशे बटणं, त्यातली निम्मी काळी. मी डबा पलंगावर उपडा केला. पण बटणांच्या बाबतीत यांचा हात कोण धरणार? दोन बोटं फिरवली आणि तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "याला भोकं नाहीत," म्हणाले, जशी काही चूक त्या तुकड्याचीच.

तो खोचला, तरी जोडणी होईना. मघाशी चिडून मी इअरबड्स फोनला जोडून पाहिले होते, ते तिथेच चिकटून बसलेले. फोनचं ब्लूटूथ बंद केलं. संगणकातली जुनी नोंद काढून टाकली. इअरबड्सच्या डबीवरची कळ दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरली. यादीत नाव उमटलं, जोडणी झाली, आणि आवाज मात्र स्पीकरमधूनच! तोही कानात वळवला तेव्हा अकराला दोन मिनिटं कमी होती.

दहा मिनिटं मी जग विसरले. थोड्या वेळाने उत्तर आलं: पास, एक तारखेपासून रुजू व्हा. मी किंचाळलेच. वळून पाहते तर हे मशीनसमोर हात मांडीवर ठेवून बसलेले, सुईखालचं जाकीट होतं तिथेच.

"अहो, शिवत का नव्हता? मला काही ऐकू आलं नसतं."

"तुला नसतं आलं गं. मला तुझी बोटं ऐकायची होती. टकटक थांबली की समजायचं, अडलीस."

"मग? किती वेळा अडले?"

"दोनदा. दुसऱ्यांदा फार वेळ. माझाच जीव टांगणीला लागला."

बरोबर दोनदाच अडले होते. परीक्षा सुरू होईपर्यंत यांच्यावर खेकसत होते मी, आणि आता पलंगावरची बटणं एकेक करून यांच्या डब्यात भरायला बसले.