लाल तळहाताची परीक्षा

शिवरात्र झाली होती आणि मुडबीच्या देवळापुढच्या मैदानात अख्खं गाव लोटलं होतं. बायका पोरं कडेवर घेऊन आल्या होत्या, म्हातारे काठ्या टेकत आले होते, आणि पुण्या-हैदराबादहून सुट्टीला आलेली तरणी पोरं रांगेत उभी होती. उभी कसली, आईबापांनी दंडाला धरून आणलेली! कारण भंडारीबाबा आले होते.

बाबा म्हणजे काय विचारता! अंगाला मैलारलिंगाचा, म्हणजे आपल्या खंडोबाचा, भंडारा, जटेला भंडारा, आणि दाढी हळदीनं एवढी पिवळीधमक की आधी दाढी दिसायची, मग बाबा. शहरातून आलेल्या पोराला 'ती मोठी बिमारी' आहे की नाही, हे ते सुई न टोचता, रक्त न काढता सांगायचे. शिष्य पोराचा तळहात तीर्थानं धुवायचा आणि बाबा ओल्या हातावर भंडारा चोळायचे. भंडारा पिवळा राहिला तर पोरगं चोख, लाल झाला तर बिमार. बिमार निघालं तरी घाबरायचं काम नव्हतं. बाबा वरून लिंबू पिळायचे, लाल हात पुन्हा पिवळा व्हायचा आणि रोग लिंबात उतरायचा. डॉक्टरांना न आवरणारा रोग एवढ्याशा लिंबात मावतो कसा, हे विचारायचं कुणालाच सुचत नव्हतं.

तिकडे पंचायतीजवळ दवाखान्याची गाडी उभी होती. एचआयव्हीची तपासणी फुकट, नाव गुप्त, शिवाय सल्ला आणि निरोधही मिळणार. पण गाडीतली समुपदेशक शैलश्री सकाळपासून माश्या मारत बसली होती.

बाबांच्या रांगेत खजुरीचा योगीराज होता. लिंगाप्पानं होणाऱ्या जावयाला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, कारण लग्न पंधरवड्यावर आलं होतं. लिंगाप्पाची लेक भाग्यलक्ष्मी बायकांच्या घोळक्यात उभी राहून नखं कुरतडत होती. का कुरतडत होती, ते तिला आणि योगीराजलाच माहीत होतं.

योगीराज पुण्यात टेम्पो चालवायचा. गेल्या आठवड्यात त्यानं मोबाइलवर, चाचरत चाचरत, तिला सगळं सांगून टाकलं होतं. संक्रांतीच्या सुमारास मित्रांच्या नादानं तो एकदा नको त्या ठिकाणी जाऊन आला होता. "लग्नाआधी तपासून घेतो. मग तू ठरव," म्हणाला होता. भाग्यलक्ष्मी आधी रडली, मग भयंकर चिडली, आणि चिडून झाल्यावर तिला वाटलं, यानं न सांगताच हळद लावून घेतली असती तर मी काय करणार होते? तिनं माफी दिली नव्हती. तपासणीपर्यंत थांबायचं मात्र कबूल केलं होतं.

योगीराजचा हात धुतला गेला. बाबांनी भंडारा चोळला, आणि हात लालभडक!

"शिव शिव शिव!" बाबा किंचाळले. "अख्खं पुणं बोलायलंय ह्या हातातून! बघा, कसं शहर उतू चाललंय!"

लिंगाप्पानं बाबांचे पाय धरले. बाबांनी डोळे फिरवले, लिंबू कापलं, पिळलं, काहीतरी पुटपुटले, आणि हात पिवळा झाला. लोकांनी जयजयकार केला. "आता सुई टोचून घ्यायची न्हाई," बाबांनी बजावलं. "सुई लागली की झोपलेला रोग जागा व्हतोय."

योगीराज घाम पुसत भाग्यलक्ष्मीजवळ आला. "सुटलो बाई एकदाचा."

"आन गाडीतली तपासणी?"

"आता कामून? बाबांनी काढला की."

त्याचा लाल हात पाहून भाग्यलक्ष्मी एवढी घाबरली नव्हती, जेवढी या पिवळ्या हाताला घाबरली. आता हा तपासणार नाही. उद्या मला काही झालं तर गाव म्हणेल, त्याचा रोग तर बाबांनी काढला होता, मग हिलाच कुठून लागला? तिला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. राग आला म्हणून ती नीट बघू लागली.

शिष्याकडे तांबे दोन होते. गावातले म्हातारे हौसेनं हात पुढे करत, तेव्हा पितळेचा तांब्या. शहरातली पोरं आली की दुसरा, काळपट. त्या काळपट तांब्याच्या काठावर पांढरं काहीतरी वाळलेलं होतं, पानवाल्याच्या डबीवर असतं तसं.

आता सांगा, हा लाल रंग मुडबीत कुणी पाहिला नव्हता? लग्नात नवरा-नवरीची दृष्ट काढायला लाल पाणी ओवाळतात. पाण्यात हळद कालवायची, चिमूटभर खायचा चुना टाकायचा, झालं. कुणाचंही लग्न असो, ते पाणी कालवायला भाग्यलक्ष्मीच्या आत्यालाच, अनसाबाईलाच बोलावणं जायचं. तिच्यासारखा रंग कुणाला साधत नव्हता. आणि तीच अनसाबाई आता पहिल्या ओळीत बसून, "देवा, भाचीचं वाटोळं टाळलंस रे," म्हणत डोळे पुसत होती!

भाग्यलक्ष्मी तरातरा पुढे गेली. "बाबा, माझा बी हात बघा."

"तुला कशाला माय? तू तर घरची लक्ष्मी." शिष्यानं पितळेचा तांब्या उचलला.

"तो नको, हा." तिनं काळपट तांब्या ओढून घेतला, हातावर पाणी ओतलं आणि परातीतला भंडारा चोळला. हात लाल झाला.

शेजारच्या राजूबाईनं तोंडाला पदर लावला. "अगं बया! पोरगी बी?"

बाबांचं डोकं मात्र तयार. "बगा, बगा! नुसती सोयरीक जुळली तर रोग लागला!"

"काय म्हणालास रे?" अनसाबाई उठली. "माझी भाची अजून सासरचा उंबरा चढली न्हाई!"

"आत्या, तुझा हात दे," भाग्यलक्ष्मी म्हणाली. तिनं आत्याच्या हातावरही तेच पाणी ओतलं आणि हळद चोळली. जन्मात तालुक्याबाहेर न गेलेल्या अनसाबाईचा हातही लालेलाल!

"आत्या, हळदीत चुना पडला की काय व्हतंय?"

"लाल व्हतंय. पन ते लग्नात गं. हे देवाचं हाय."

"लग्न कुठलं आन देव कुठला, हे हळदीला कसं कळतंय?"

अनसाबाईनं बोटं चोळली, नाकाशी नेली. मग तिचा चेहराच बदलला. "मेल्या! हे तर चुन्याचं पाणी! माझंच लाल पाणी मला दाखवायलास व्हय रे?" आणि तिनं उरलेला तांब्या बाबांच्या दाढीवर रिकामा केला. पिवळीधमक दाढी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लाल झाली. "आरं, ह्याची तर दाढीच बिमार पडली!" अनसाबाई ओरडली, आणि मैदान पोट धरून हसू लागलं. शिष्यानं लिंबांची पिशवी घेऊन धूम ठोकली. बाबाही जटा सांभाळत त्याच्या मागे.

गलका ऐकून शैलश्री आली होती. "अण्णा, अक्का, ऐका," ती म्हणाली. "चुन्यानं हळद लाल व्हतेय, आंबट लागलं की परत पिवळी. यात तुमच्या रक्ताचा काय संबंध? हा रोग हातावरून कळत न्हाई, तोंडावरून कळत न्हाई. रक्त तपासूनच कळतोय. आन निघाला तरी आभाळ कोसळत न्हाई. फुकट गोळ्या हायेत, रोज घेतल्या की मानूस काम करतोय, संसार करतोय. लिंबावर भरोसा ठेवून घरी बसला, तर मात्र मरतोय."

भाग्यलक्ष्मी योगीराजकडे वळली. "चला. आधी मी तपासून घेते." तो मान खाली घालून तिच्यामागे गेला.

निकाल ऐकायला त्यानं तिलाही आत बोलावलं. दोघांत सध्या काही आढळलं नव्हतं. पण शैलश्रीनं त्याला स्पष्ट सांगितलं, संक्रांतीला तीन महिने झालेले नाहीत, तोवर रोग अंगात असूनही तपासणीत लपू शकतो. ते महिने उलटल्यावर पुन्हा तपासायला हवं.

भाग्यलक्ष्मी बाहेर आली ती थेट बापाकडे. "अप्पा, लग्न वैशाखात."

"येडी झालीस का? मुहूर्त काढलाय! पत्रिका छापल्यात!"

"पत्रिका दुसऱ्या छापता येतील अप्पा. लेक दुसरी कुठून आणशीला?"

लिंगाप्पानं मान डोलावली. अनसाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तोही लालच होता.

वैशाखात गाडी पुन्हा आली. योगीराज आत जाऊन आला आणि आवळ्याच्या झाडाखाली भाग्यलक्ष्मीशी बराच वेळ बोलला. मग तिनं लिंगाप्पाला मुहूर्त काढायला सांगितलं. राजूबाई टपूनच होती. "काय निघालं गं त्याचं?"

"त्यांचं त्यांनी मला सांगितलं, मावशी. गावाला सांगायचं कामच न्हाई. तुमचा पोरगा माउली हैदराबादहून आलाय न्हवं? त्याचं तपासलंय का?"

राजूबाई तशीच घराकडे वळून, "माउल्याऽऽ" म्हणून ओरडली.

मंडळी, आमचं सांगणं एवढंच. शंका आली तर तळहात पुढे करू नका, बोट पुढे करा. सुई टोचते ती क्षणभर, आणि खरं काय ते सांगते. दुसऱ्याच्या रक्ताची चौकशी सोडा. तुम्ही स्वतः तपासून घेतलंत का?