संत पेत्काचे नवे डोळे

लिपोवाना मठाच्या दारात अशी रेटारेटी होती की कोपरं मारल्याशिवाय आत शिरता येत नव्हतं. मेणबत्त्यांचा धूर, ओल्या लोकरीचा वास, आणि जो तो माना वर करून भिंतीकडे बघतोय. त्या भिंतीवर सहाशे वर्षांपूर्वी रंगवलेली संत पेत्का. गेल्या सणाला बायकांनी तिचे डोळे खरवडून नेले होते. डोळ्यांच्या औषधाला नेतातच, आजी-पणजीपासून नेत आल्यात. आणि आज बघावं तर, दरवर्षीसारखे, दोन्ही डोळे पुन्हा जागच्या जागी, टवटवीत!

"मठ बंद होता, लेकरांनो," मठाधिपती नेक्तारिये सांगत होते. "आत फक्त मी आणि माझी प्रार्थना. तुर्कांनी फोडले तेव्हाही उगवले, तुम्ही खरवडलेत तरी उगवले. ती देतच राहते." बोलता बोलता ते सुरीनं डोळ्यांच्या कडेची भुकटी पाडून पुड्या बांधत होते. आवाजात असा पाक ओतलेला की डॉक्टर रोसांदानं तोंड फिरवलं.

रोसांदा जिल्ह्याच्या गावी डोळ्यांची डॉक्टर. ती आली होती स्तामेनाआत्याला परत न्यायला. आत्याचा डावा डोळा गेल्या वर्षी गेला तो गेलाच, बुबुळ पांढरंफटक. चुलीतली राख उडाली, एवढंच आत्या सांगायची. उजव्यात मोतीबिंदू. सोमवारी ऑपरेशन ठरलेलं, आणि बाई इथे पुडी घेऊन उभी.

"आत्या, सोमवारी मी स्वतः करणार आहे ना?"

"तू सुरी लावणार. पेत्का हात लावते."

"मग डाव्याला कोणी हात लावला होता?"

आत्यानं पुडी मुठीत घट्ट धरली. मग हळूच म्हणाली, "राख नव्हती ती, अशीच पुडी होती. फादर म्हणाले, आग झाली म्हणजे गुण येतोय. मी धुतलं नाही, पोरी. सोसलं."

रोसांदाच्या अंगाची लाहीलाही झाली. तिनं पुडी हिसकावली, ओल्या बोटानं भुकटी चोळली. साबणासारखी बुळबुळीत. जुना गिलावा कधी असा लागत नाही.

तिनं वेदीजवळच्या बाईकडून नैवेद्याची तांबडी वाइन मागून घेतली, दोन पेल्यांत.

"बाई, देवाच्या घरात प्रयोगशाळा मांडू नका," नेक्तारिये म्हणाले.

"संताची भुकटी आहे, फादर. वाइनला कशाला घाबरेल?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. रोसांदानं पेत्काच्या पदराचा जुना गिलावा नखानं खरवडून एका पेल्यात टाकला. चार बुडबुडे आले, वाइन तांबडीच राहिली. दुसऱ्यात पुडी रिकामी केली. वाइन गढूळ हिरवी झाली.

"हिरवी केली! पेत्कानं हिरवी केली!" एक बाई गुडघ्यांवर बसली, आणि तिच्यामागे पाच-सहा जणी. नेक्तारियेंनी लगेच क्रूसाची खूण करून घेतली. काय हा निर्लज्जपणा!

"पेत्कानं नाही, चुन्यानं," रोसांदा म्हणाली. "जुना गिलावा शतकानुशतकं हवा खाऊन निवलेला असतो. ताजा चुना वाइनचा रंग पालटतो आणि डोळा भाजतो. हे डोळे यांनी कुलूप लावून आत लिंपलेत. खोटं वाटतं? फादर, तुमच्या डोळ्यात घाला. चिमूटभरच."

तिनं त्यांच्याच पुड्यांतली एक उचलून पुढे केली. नेक्तारियेंनी झटकन मान मागे घेतली आणि दोन्ही हात डोळ्यांवर धरले. सगळ्या मठानं ते बघितलं.

"रिकाम्या खोबणींपुढे कोण येतं हो?" ते पुटपुटले. "भिंत दुरुस्त तर करायलाच हवी होती."

"आणि आग होते हे माहीत होतं?"

स्तामेनाआत्या चाचपडत पुढे गेली आणि आपला पांढरा डोळा त्यांच्या तोंडासमोर धरला. "तिचे दरवर्षी उगवतात," ती म्हणाली. "माझा एकच गेलाय. उगवून दाखवा."

गर्दीतल्या काहींच्या हातून पुड्या खाली पडल्या. काहींच्या मात्र, बघा, गुपचूप खिशात गेल्या, आणि ते बघून रोसांदाला फादरची आली त्यापेक्षाही जास्त किळस आली. तिनं आत्याचा हात धरला आणि दारातून वळून सांगितलं:

"ज्यांच्या डोळ्यात ही भुकटी गेली असेल त्यांनी आत्ता विहिरीवर जा, भरपूर पाण्यानं धुवा आणि थेट दवाखाना गाठा. आणि पुढे कोणी म्हणालं की आग होते म्हणजे गुण येतोय, तर त्याला सांगा, आधी स्वतःच्या डोळ्यात घाल."